एका वाटेच्या तीन हकिकती

दरवर्षी २५ जानेवारीस ख्रिस्तसभा संत पौलाच्या परिवर्तनाचा सण पाळते. पौल म्हणजे पूर्वीचा शौल. स्तेफनाला दगडमार झाली, तेव्हा मारणाऱ्यांनी आपली वस्त्रे ज्याच्या पायांशी ठेवली, तोच हा. ख्रिस्ताच्या अनुयायांना बांधून आणण्यासाठी तो दिमिष्काकडे निघाला आणि वाटेतच स्वतः अनुयायी झाला.

लूकाने ही हकिकत ‘प्रेषितांची कृत्ये’ या एकाच ग्रंथात तीनदा दिली आहे. ती ताडून पाहणारा वाचक चपापतो. नवव्या अध्यायात शौलाचे सोबती वाणी ऐकतात, परंतु त्यांना कोणी दिसत नाही. बाविसाव्यात त्यांना प्रकाश दिसतो, पण वाणी ऐकू येत नाही. नवव्यात ते अवाक् उभे राहतात. सव्विसाव्यात सारेच भूमीवर पडतात.

यावर व्याकरणाचे एक उत्तर देतात. मूळ ग्रीकमध्ये एके ठिकाणी ‘वाणी’ षष्ठीत आहे, दुसरीकडे द्वितीयेत. म्हणून सोबत्यांना नाद ऐकू आला, अर्थ कळला नाही. उत्तर चतुर खरे; परंतु शौलाच्या स्वतःच्या ऐकण्याविषयी लूक दोन्ही विभक्ती योजतो, आणि दोन्हीकडे त्याला शब्द समजतात. एवढा भार हे व्याकरण पेलू शकत नाही.

त्यापेक्षा कोण कोणापुढे बोलत आहे, हे पाहावे. नववा अध्याय हे लूकाचे निवेदन आहे. बाविसाव्यात पौल यरुशलेमेच्या संतप्त जमावापुढे उभा आहे. म्हणून हनन्या हा नियमशास्त्र पाळणारा, यहूदी लोकांत नावाजलेला पुरुष, हे तो आवर्जून सांगतो. सव्विसाव्यात, कैसरीया येथे अग्रिप्पा राजासमोर, हनन्याचे नावही येत नाही. तिन्ही हकिकती एकाच हाताने लिहिल्या. हा फरक त्या हाताला ठाऊक नव्हता, असे मानणे कठीण आहे.

याहून अवघड प्रश्न पौलाच्याच पत्राने उभा राहतो. गलतीकरांना तो लिहितो की, आपण लगेच यरुशलेमेस न जाता अरबस्तानात गेलो. तीन वर्षांनंतर तेथे जाऊन केफाजवळ १५ दिवस राहिलो, आणि प्रभूचा बंधू याकोब यावाचून दुसरा प्रेषित पाहिला नाही. लूक अरबस्तानाचा उल्लेख करीत नाही, आणि बर्णबा त्याला ‘प्रेषितां’कडे नेतो, असे सांगतो. येथे घटनाक्रमासाठी पौलाची स्वतःची साक्ष अधिक जवळची मानणे न्याय्य होय. त्याने श्रद्धेला धक्का बसण्याचे कारण नाही. पवित्र लेखकांची लेखनपद्धती ध्यानात घेऊन शास्त्राचा अर्थ लावावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितलेच आहे.

म्हणून एखाद्या मुलाने ही विसंगती दाखविली, तर त्याला गप्प बसवू नये. ग्रंथ उघडून त्याच्याशेजारी बसावे. मग त्याला आणखी एक गोष्ट दिसेल. तिन्ही हकिकतींत शौलाला एकच प्रश्न ऐकू येतो. आणि छळ भक्तांचा चालला असता तो आपलाच होत आहे, असे प्रभू म्हणतो. आणि जेथे जेथे हनन्या येतो, तेथे तेथे आपल्याला बेड्या घालण्यास आलेल्या त्या मनुष्याला तो ‘भाऊ’ म्हणून हाक मारतो.