पायरी गाडली जात नाही

अध्यक्षानं मॉडेल बनवण्याच्या छंदाच्या थोरवीवर बोलावं असा प्रघात आहे. तो बाजूला ठेवून मी एकाच बारीक प्रश्नाला हात घालतो. मोटारीच्या मॉडेलवर डिकॅल, म्हणजे पातळ फिल्मवर छापलेलं चित्र, चढवल्यानंतर त्यावरचा पारदर्शक क्लिअर कोट सपाट का येत नाही? आपल्यात याचं ठरलेलं उत्तर आहे : ‘अजून दोन हात मारा.’ माझ्या मते हे उत्तर मुळातच चुकीचं आहे. डिकॅलच्या कडेची पायरी क्लिअरखाली गाडली जात नाही, ती वॉटर पेपरनं कापावी लागते. कापायला पुरेसा माल मिळावा, एवढ्यासाठीच क्लिअर मारायचा.

थोडं गणित करून पाहू. डिकॅलची जाडी १० मायक्रॉन धरा. हात इतका ओला मारला, की वरचा पृष्ठभाग पाण्यासारखा समतल झाला. आता डिकॅलशेजारी ओल्या थराची खोली १०० मायक्रॉन आहे आणि डिकॅलवर ९०. क्लिअर लॅकरचा असेल, तर त्यात उडून जाणारा भाग, म्हणजे थिनरच जास्त, म्हणून वाळल्यावर पाचवा हिस्सा उरतो असं समजू. शेजारी २० मायक्रॉन राहिले आणि डिकॅलवर १८. त्यात खालच्या डिकॅलचे १० मिळवले की २८ होतात. म्हणजे सगळा खटाटोप करून १० ची पायरी ८ वर आली. रात्री आरशासारखं दिसणारं बॉनेट सकाळी पट्ट्यांच्या कडा दाखवू लागतं ते यामुळे. यात हाताचा दोष नसतो, थिनर उडालेलं असतं. याच हिशेबानं तिसऱ्या हातानंतरही ५ मायक्रॉनची पायरी शिल्लक राहते आणि तोवर गाडीवर ६० मायक्रॉनचं पांघरूण चढलेलं असतं.

हे पांघरूण फुकट मिळत नाही. खऱ्या मोटारीवर क्लिअरचा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो. १/२४ च्या मॉडेलवरचे ६० मायक्रॉन खऱ्या गाडीच्या मापात जवळजवळ दीड मिलिमीटर होतात. दाराची ५ मिलिमीटरची फट या मापात जेमतेम ०.२ मिलिमीटर असते. तिच्या दोन्ही काठांवर ६० मायक्रॉन चढले, की निम्म्याहून अधिक फट बुजते. गाडी चकाकते खरी, पण दारं उघडतील असं वाटत नाही.

मग करायचं काय? इथे एक खरी अडचण आहे. लॅकरचं थिनर डिकॅलची पातळ फिल्म फुगवतं आणि तिला सुरकुत्या पडतात. म्हणून डिकॅलच्या रक्षणासाठी पहिले हात धुक्यासारखे कोरडे हवेत. सपाटपणासाठी मात्र ओला हात लागतो, कारण कोरडा क्लिअर खरबरीत बसतो. दोन्ही गोष्टी एकाच हातात साधत नाहीत, त्या वेगवेगळ्या वेळी साधाव्या लागतात. आधी डिकॅलखालचं पाणी पूर्ण जाऊ द्यावं आणि कडेला आलेला गोंद ओल्या कापडानं पुसावा. मग दोन-तीन कोरडे हात, ते वाळल्यावर एक-दोन ओले. नंतर थांबायचं. नाकाजवळ धरून थिनरचा वास येत असेल, तर क्लिअर अजून आक्रसतो आहे. तो वास गेल्यावरच २०००-३००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून कडांवर फिरवावा. उठावाच्या धारांना पेपर लावू नये, तिथे क्लिअर सगळ्यात पातळ असतो. शेवटी एक पातळ हात आणि पॉलिश. आपल्या पावसाळ्यात तर घाई आणखी महागात पडते. उडणारं थिनर पृष्ठभाग थंड करतं, दमट हवेतली वाफ त्यावर जमते आणि क्लिअर पांढरट होतो. कोकणात जुलैमध्ये कोरडा दिवस मिळेपर्यंत एअरब्रश डब्यात ठेवणं हे शहाणपणाचंच आहे.

लॅकरऐवजी टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या युरेथेन क्लिअरचे चाहते म्हणतील, की तुमचं गणित आम्हाला लागू नाही. बरंचसं खरं आहे. त्यात घन भाग जास्त असल्यामुळे थर कमी आक्रसतो आणि पायरीही कमी परतते. पण तो सहज जाड बसतो, त्यामुळे फटींचा प्रश्न तसाच राहतो. शिवाय त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट श्वासातून गेलं, तर कायमचा दमा जडू शकतो. बाल्कनीत नाकाला रुमाल बांधून ते फवारणाऱ्यांचं कौतुक मला करता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावतो. शर्यतीच्या गाड्यांवर प्रायोजकांचे स्टिकर बरेचदा रंगावरच चिकटवलेले असतात, मग मॉडेलवर कड दिसली तर बिघडलं कुठे? पण खरा स्टिकर ०.१ मिलिमीटरचा धरला, तर १/२४ वर तो ४ मायक्रॉनचा होतो. आपली १० ची पायरी त्याच्या अडीचपट आहे. शिवाय डिकॅलला छपाईबाहेरही पारदर्शक फिल्म असते, तशी खऱ्या गाडीवर नसते. १९७१ ची ल मां शर्यत जिंकलेली पांढरी, मार्टिनी पट्ट्यांची पोर्शे ९१७ करायला घेतली, की ही फिल्म लगेच डोळ्यांत भरते. जाड आणि पुढे पिवळा पडणारा क्लिअर मारला, तर त्या पांढऱ्याचंही मातेरं होतं. म्हणून शर्यतीच्या गाडीवर पायरी शून्यावर आणण्याचा हट्ट मी धरणार नाही, पण निम्म्यावर नक्कीच आणीन.

शेवटी आपल्या स्पर्धेच्या परीक्षकांना एक सूचना करतो. ‘फिनिश’चे गुण एकत्र देऊ नयेत. चकाकीला वेगळे, डिकॅलच्या कडांना वेगळे आणि दारांच्या फटी व रिव्हेट शाबूत आहेत का याला वेगळे गुण असावेत. भिंगाशेजारी एक बारीक टॉर्चही ठेवावा आणि त्याचा उजेड तिरका पाडावा. समोरून पडणाऱ्या उजेडात पायरी लपून राहते.