शासनाचा निरोप आणि गावचा शिक्षक

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शासन आणि जनता यांच्यामधील संपर्क या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. जनसंपर्क हा शब्द उच्चारला की माहिती खाते, वृत्तपत्रांतील निवेदने, भिंतींवरील जाहिराती यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, आणि खेड्यातील प्राथमिक शिक्षकाचा या खटाटोपाशी काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. परंतु निरोप मंत्रालयातून निघाला तरी त्याचा अर्थ गावच्या पारावर लागत असतो. आणि तेथे कोणाला शंका आली म्हणजे ती विचारली जाते गुरुजींना किंवा बाईंना. म्हणून हा विषय तत्त्वांच्या भाषेत न मांडता एका जुन्या उदाहरणाच्या आधारे मांडावा, असे मी योजिले आहे. ते उदाहरण नव्या पैशाचे होय.

रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै, असा हिशेब आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. म्हणजे रुपयाचे पैसे ६४ आणि पै १९२. १९५५ साली नाणेविषयक कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे करण्यात आले. त्या वेळी आपला प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात होता. जिल्हा परिषदा अजून जन्मास यावयाच्या होत्या. १९५१ च्या जनगणनेप्रमाणे देशातील साक्षरतेचे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास होते. अशा समाजाला त्याच्या रोजच्या व्यवहाराचे गणितच बदलले आहे, हे सांगावयाचे होते. शासकीय निरोपाची याहून कठीण परीक्षा क्वचितच झाली असेल.

या निरोपात काही गोष्टी फार शहाणपणाने केलेल्या आढळतात. कायदा झाल्यापासून तो अमलात येईपर्यंत सुमारे दीड वर्षाचा अवधी ठेवला गेला. जुनी नाणी एका रात्रीत बाद केली गेली नाहीत. नवी व जुनी नाणी काही काळ शेजारी शेजारी चालली. नव्या नाण्याच्या नावात 'नवा' हे विशेषण घातले, जेणेकरून जुन्या पैशाशी त्याची गल्लत होऊ नये. लोकांच्या अंगवळणी पडल्यावर, १ जून १९६४ पासून, ते विशेषण काढून टाकण्यात आले. आणि सर्वांत मोलाची गोष्ट ही की, नाण्यानेच आपली ओळख स्वतः सांगितली. एका नव्या पैशावर 'रुपये का सौवाँ भाग' आणि दहा पैशांच्या नाण्यावर 'रुपये का दसवाँ भाग' अशी अक्षरे कोरलेली होती. परिपत्रक फायलीत राहते, जाहिरात पावसात भिजते. पण हा निरोप प्रत्येकाच्या कनवटीला जाऊन बसला. ज्या वस्तूविषयी सांगावयाचे, त्या वस्तूवरच सांगावे, हा जनसंपर्काचा पहिला धडा येथे मिळतो.

आता दुसरी बाजू पाहू. रुपयाचे १०० भाग केल्यावर एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात. पण सव्वासहा पैशांचे नाणे असू शकत नाही. म्हणून पूर्णांकाचे कोष्टक ठरविण्यात आले. एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९ आणि चार आणे म्हणजे २५. जुना एक पैसा हा गणिताने दीड नव्या पैशाहून किंचित अधिक भरे. कोष्टकात तो २ नव्या पैशांचा झाला. कोष्टक प्रसिद्ध झाले होते, त्यात काही लपविलेले नव्हते. तथापि कोष्टक वाचता येणे आणि ते आपल्या संसाराला काय करील हे उमगणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत.

हा हिशेब आपण फळ्यावर मांडावा तसा मांडून पाहू. आण्याआण्याची वस्तू घेणाऱ्याला पूर्वी रुपयात १६ नग मिळत. नव्या कोष्टकाने नगास ६ पैसे पडले, तर १६ नगांना ९६ पैसे लागून ४ पैसे हाती उरत. म्हणजे त्याचा थोडा फायदाच झाला. परंतु जो एकेका पैशाची चिमूटभर वस्तू घेतो, त्याला पूर्वी रुपयात ६४ वेळा ती मिळे. दुकानदाराने दर वेळी दोन नवे पैसे घेतले, तर ती ५० वेळाच मिळणार. एकदम चार आण्यांचा माल नेणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. एका पैशाचा माल नेणाऱ्याचे मात्र रुपयामागे चौदा नग जातात. आणि एका पैशाचा माल नेणारा कोण असतो, हे आपणांस मी सांगावयास नको.

हा हिशेब माहीत असलेला शिक्षक पारावर काय सांगेल? 'नवी पद्धत सोपी आहे, देशाच्या प्रगतीची आहे,' एवढेच सांगून तो थांबेल काय? ते विधान खरे आहे. शंभराचा हिशेब मुलांना खरोखरच सोपा गेला. आणे-पै यांच्या बेरजांचे जंजाळ सुटले. परंतु ते अर्धे सत्य आहे. पूर्ण सत्य असे की, एकेका पैशाची खरेदी शक्य तेथे एकत्र करावी, म्हणजे पूर्णांकाचा भुर्दंड पडत नाही. असे सांगणारा शिक्षक शासनाच्या विरुद्ध बोलत नाही. उलट त्याच्यामुळे शासनाचा निर्णय गरिबाला पचनी पडतो. ज्याला तोटा आधीच सांगितला गेला तो सावध होतो. ज्याला तो दुकानात कळतो तो रुष्ट होतो, आणि पुढचा निरोप ऐकण्यास येत नाही.

वजनमापांच्या बाबतीत हेच घडले. १९५६ साली मापांचा कायदा होऊन १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला. प्रमाणित शेर म्हणजे ८० तोळे, सुमारे ९३३ ग्रॅम. किलो त्याहून सुमारे ६७ ग्रॅमने मोठा. तेव्हा किलोचा भाव शेराच्या भावापेक्षा रुपयास सात पैशांनी अधिक असणे न्याय्य होते. त्याहून अधिक घेणे ही लूट होती. शिवाय आपल्याकडे धान्य पायलीने व मापट्याने मोजण्याची चाल होती. तेथे मोजले जाई ते आकारमान, वजन नव्हे. हा भेद समजावून सांगण्यास परिपत्रकाचा कागद अपुरा पडतो. त्यासाठी वर्गात तराजू, माप आणि मूठभर ज्वारी लागते.

ही सर्व जुनी कथा आहे. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. तरीही आपण 'सोळा आणे खरे' म्हणतोच. लोकांची भाषा हुकुमाने बदलत नाही. मग ही कथा आज कशासाठी? कारण निरोपाच्या वाटेतील खाचखळगे तेच आहेत. दहा रुपयांच्या नाण्याचे पाहा. नाण्यावर रुपयाचे चिन्ह नाही, किंवा किरणांची संख्या निराळी आहे, म्हणून नाणे खोटे, अशी वदंता पसरली आणि अनेक ठिकाणी दुकानदार ते नाकारू लागले. वस्तुतः रुपयाचे चिन्ह २०१० साली स्वीकारले गेले. त्यापूर्वीच्या नाण्यावर ते असणार कोठून? अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की, त्या वेळेपर्यंत काढलेल्या चौदाही नमुन्यांची नाणी कायदेशीर आहेत. नाणी काढली गेली, पण त्यांच्या निरनिराळ्या रूपांची ओळख लोकांच्या मनात रुजली नव्हती. जेथे शासनाचा शब्द पोचत नाही, तेथील जागा रिकामी राहत नाही; अफवा ती व्यापते. आज तर भ्रमणध्वनीवरून अफवा गावात शिरते, आणि तिचा खुलासा मागाहून रखडत येतो.

या बाबतीत कायदाही आपल्या पाठीशी आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमातील चौथे कलम आपण अवश्य वाचावे. लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यांसंबंधीची सर्व वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी, ज्यांना निर्णयाची झळ लागते त्यांना कारणे सांगावीत, आणि माहिती देताना स्थानिक भाषा व त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारी संपर्काची पद्धत लक्षात घ्यावी, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे समजेल असे सांगणे ही मेहेरबानी राहिली नसून ते सार्वजनिक कार्यालयाचे कर्तव्य झाले आहे.

आता आपल्या कामापुरत्या चार सूचना करतो. पहिली: कोणतेही परिपत्रक गावास सांगण्यापूर्वी स्वतः दोनदा वाचावे, आणि कोणाला, केव्हापासून, काय करावयाचे व न केल्यास काय होते, या प्रश्नांची उत्तरे त्यातून एका कागदावर उतरवून काढावीत. उत्तर सापडले नाही तर ते कल्पनेने भरू नये, वरिष्ठांना विचारावे. दुसरी: सर्वांत दुर्बळ घराच्या दृष्टीने निर्णय तपासावा. एका पैशाचा माल नेणाऱ्याचे काय होईल, हा प्रश्न शिष्यवृत्तीच्या अर्जालाही लागू पडतो आणि बँक खात्याच्या अटीलाही. तिसरी: परिपत्रकात नाही असे आश्वासन चुकूनही देऊ नये. 'मिळेल' आणि 'अर्ज करता येईल' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. चौथी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: निरोपाचे उत्तर वर कळवावे. अमुक अट पाळण्यासाठी आमच्या वस्तीवरील पालकांची एका दिवसाची मजुरी बुडते, हे कार्यालयातील अधिकाऱ्यास तेथे बसून दिसत नाही. ते नम्रपणे, आकड्यांसह लेखी कळविणे हीही शासनाची सेवाच आहे. एकाच दिशेने जातो तो हुकूम. दोन्ही दिशांनी जातो तो संपर्क.

कोणी म्हणेल, शिक्षकावर आधीच कामांचा भार आहे, त्यात हे आणखी कशाला? हा आक्षेप योग्य आहे, आणि शिक्षकास अध्यापनाबाहेरच्या कामांत किती गुंतवावे याला मर्यादा असलीच पाहिजे. शासनाचा भाट होणे हेही आपले काम नव्हे; कोण्या पक्षाचा प्रचार तर मुळीच नव्हे. परंतु गाव आपल्याला विचारते, ही वस्तुस्थिती आपण निर्माण केलेली नाही व टाळूही शकत नाही. मुलाच्या प्रगतीविषयी गुरुजी खरे सांगतात, या अनुभवातून ती पत जमलेली असते. ती एकदा खोट्या किंवा अर्धवट शब्दासाठी खर्च झाली, तर उद्या लस टोचून घ्या म्हणून सांगावयास गेल्यावर दारे बंद होतील. आपल्या देशातील पोलिओचा अखेरचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत आढळला आणि २०१४ साली देश त्या रोगातून मुक्त म्हणून प्रमाणित झाला. ते औषधाच्या थेंबांनी घडले, आणि दारोदारी जाऊन आयांच्या शंका ऐकून घेणाऱ्या, त्यांच्या ओळखीच्या माणसांमुळेही घडले.

तेव्हा पुढचे परिपत्रक हाती येईल, तेव्हा त्यातील पूर्णांकाची जागा कोठे आहे आणि तिचा भार कोणावर पडतो, एवढे आपण पाहावे व ते स्वच्छ शब्दांत सांगावे, अशी माझी विनंती आहे.