घर आपलं, मुलगाही आपलाच
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'ज्येष्ठांचे हक्क' असा विषय छापला आहे. बँकेत पस्तीस वर्षं काढली म्हणून मला कायदा कळतो, असा तुमचा समज असावा. खरं सांगतो, हा कायदा मी बँकेत नाही शिकलो. घरात चूक केली, तेव्हा शिकलो.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीचा आवाज तुम्ही सगळ्यांनी ऐकलाच आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. मुलाला धंद्यात खोट आली होती. फ्लॅट गहाण ठेवा म्हणून तो मागे लागला. मी नाही म्हटलं. शब्दाने शब्द वाढला. तो खाली गेला आणि मी आतून कडी घातली. रात्री दीड वाजेपर्यंत तो दार वाजवत होता. ही म्हणाली, "काहून असं करता हो? पोरगा आहे आपला." मी म्हटलं, घर माझ्या नावावर आहे. दुसऱ्या दिवशी कुलूपही बदललं.

घर माझ्याच नावावर होतं. हप्ते माझ्याच पगारातून कापले गेले होते. पण वकिली करणाऱ्या एका जुन्या मित्राने फोनवर खडसावलं, "घर तुझं आहे, पण कुलूप बदलायचा हुकूम तुला दिला कोणी?"

तेव्हापासून जे वाचलं, समजून घेतलं, ते थोडक्यात सांगतो.

आई-वडिलांनी स्वतः कमावलेल्या घरात सज्ञान मुलाला मालकी हक्क नसतो. तो त्यांच्या मर्जीने राहतो. वडिलोपार्जित मालमत्तेची गोष्ट वेगळी. तिथे मुलाचा हिस्सा असतो आणि 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीचाही असतो. मुलाने हप्ते भरले असतील, तर त्याने त्याचे पुरावे जपून ठेवावेत.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा 2007 साली झाला. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणाकडे करायचा, म्हणजे आपल्याला गोंदियातच सोय आहे. दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. एका वृद्ध आईच्या प्रकरणात, मुलाने तिचं घर सोडावं हा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम ठेवला. म्हणजे छळ होत असेल, तर म्हातारपणी मुकाट्याने सोसायची गरज नाही.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. त्या कायद्यात मुलालाही नोटीस मिळते, त्याचंही ऐकून घेतलं जातं. अर्ज केला की मुलगा बाहेर निघालाच, असं नाही. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात मुलाला घराबाहेर काढायला नकार दिला. प्रत्येक वेळी तशी गरज नसते, असं न्यायालयाने म्हटलं. सुनेचं तर आणखी वेगळं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला सासरच्या सामायिक घरात राहण्याचं संरक्षण आहे. ज्येष्ठांच्या कायद्याचा आधार घेऊन ते सरसकट काढून घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये सांगितलं. माझी सून त्या रात्री माहेरी होती. ती घरी असती आणि मी तिलाही बाहेर ठेवलं असतं, तर पोलीस स्टेशनची पायरी मलाच चढावी लागली असती.

बँकेतला माणूस म्हणून एक सांगतो. प्रेमापोटी मुलाच्या नावाने बक्षीसपत्र करायचं असेल, तर 'आमचा सांभाळ करावा' ही अट त्यात लिहून घ्या. अट असूनही सांभाळ झाला नाही, तर कलम 23 खाली बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. तोंडी भरवशावर राहू नका.

कार्यकारिणीला विनंती. कोणी बाप 'माझ्या पोराला गेटच्या आत घेऊ नका' असं सांगायला आला, तर वॉचमनला तसा हुकूम देऊ नका. कागद आहे का, ते विचारा. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता व ज्येष्ठांसाठीचा 14567 हा हेल्पलाइन नंबर नोटीस बोर्डावर लावा.

तिसऱ्या दिवशी मी दार उघडलं. चार महिन्यांची मुदत कागदावर लिहिली, दोघांनी सह्या केल्या. तो मुदतीत भाड्याच्या घरी गेला. दोन वर्षं माझ्याशी कामापुरतंच बोलला. आता रविवारी येतो, नातवंडं येतात. त्या रात्रीबद्दल मात्र आम्ही एकदाच बोललो, हे भाषण करू का म्हणून विचारलं तेव्हा. तो म्हणाला, "करा बाबा. पण कडी तुम्ही घातली होती, हेही सांगा."

ते सांगितलं.