कात्री लावण्याआधी



माझी पहिली ‘हाउसवाइफ’ मला सतराव्या वर्षी मिळाली. हसू नका, खरं सांगतोय. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झालो, तेव्हा बूट, मोजे, मच्छरदाणी यांच्याबरोबर एक छोटी कापडी गुंडाळी हातात पडली. आत सुया, दोरा आणि थोडी बटणं. या गुंडाळीला लष्करात हाउसवाइफ म्हणतात. इंग्रजांच्या फौजेतून आलेलं नाव आहे ते. माझी खरी गृहलक्ष्मी पुढे दहा वर्षांनी आली, आणि तिला शिवणाचा मनस्वी कंटाळा आहे. त्यामुळे आमच्या घरात सुई माझ्याकडेच राहिली.

परेडला बटण लोंबताना दिसलं की शिक्षा ठरलेली. म्हणून बटण लावायला आम्ही फार लवकर शिकलो. युनिटच्या मास्टरजींनी, म्हणजे शिंप्यानं, एक युक्ती दाखवली होती. बटण आणि कापड यांच्यामध्ये काडेपेटीची काडी ठेवायची, तिच्यावरून टाके घालायचे, मग काडी काढून मोकळ्या झालेल्या दोऱ्याला खालून तीन-चार वेढे द्यायचे. बटणाला मान मिळते. जाड कोटाचं काज त्या मानेवर बसतं आणि बटण ओढलं जात नाही. आज घरी जाऊन करून बघा.

निवृत्तीनंतर इंदूरला घर बांधलं, कारण सासरवाडी इथली. सासूबाईंचं काळं पायमशीन माळ्यावर पडून होतं. तेल घातलं, पट्टा बदलला आणि सुरू झालो. जुन्या पँटच्या बाजाराच्या पिशव्या, सदऱ्यांचे स्वयंपाकघरातले एप्रन, पडद्यांच्या उशा. कॉलनीत कौतुक झालं. कौतुक झालं की माणूस बिघडतो, तसा मीही बिघडलो.

त्याच सुमाराला आई गेली. आमचं गाव साताऱ्याकडचं. दिवसकार्य आटोपल्यावर ट्रंक उघडली, तर आत आईची पाच लुगडी निघाली. मी ताईला विचारलं, “यांचं काय करायचं?” ती म्हणाली, “तू ने आत्ता, नंतर बघू.”

मंडळी, चौतीस वर्षं हुकूम देण्यात गेलेल्या माणसाला ‘नंतर बघू’ म्हणजे परवानगीच वाटते. मी ती पाचही इंदूरला आणली. दिवाळीला ताईला आईच्या लुगड्याची वाकळ द्यायची, तिला न सांगता, असं मनात ठरवलं. वाकळ म्हणजे गोधडी. आमच्याकडे वाकळच म्हणतात.

त्यातलं सगळ्यात देखणं होतं ते इरकली. इरकल म्हणजे कर्नाटकातलं इळकल. त्या लुगड्याचं अंग सुती होतं, पदर रेशमी. अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा असतो, आणि विणकर ते दोन्ही फासात फास अडकवून एकमेकांत गुंतवतात. ती जोडाची रेघ नीट पाहिली तर दिसते. मला ती दिसली होती. पण माझ्या आठ इंची चौकोनांच्या मापात ती बसत नव्हती, म्हणून मी नेमकी तीच कात्रीनं उडवली. चौकोन कापले, मशीनवर जोडले, खाली जुनी चादर घातली, वरून जवळजवळ टिपा मारल्या. दोराही चांगला मजबूत पॉलिएस्टरचा. आठवड्यात वाकळ तयार. नकाशाच्या चौकटींसारखी सरळ.

दिवाळीत ताईनं पुडकं सोडलं. बराच वेळ ती काठावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “आई माझ्या लग्नात हेच नेसली होती रे. मी मागणारच होते तुझ्याकडे. अख्खं.”

एवढंच बोलली. भांडली असती तर बरं झालं असतं. पुढे चार महिने फोनवर फक्त ‘बरं आहे, बरं आहे’ एवढंच. मग एकदा तिनं वाकळ धुतली आणि ती टिपांच्या रेषेवर फाटली. एका ठिकाणी नव्हे, सात ठिकाणी. तिनं काही न लिहिता मोबाइलवर फोटो पाठवला.

तो फोटो घेऊन मी आमच्या गल्लीतल्या एका माळवी आजींकडे गेलो. त्या गुदडी शिवतात. त्यांचं बोलणं मराठीत सांगतो. फोटो बघून त्यांनी पहिला प्रश्न केला, “या कापडाला मशीन लावलंत?” मग समजावलं. चाळीस-पन्नास वर्षं धुतलेल्या सुताचा धागा थकलेला असतो. त्यात मशीनची सुई ओळीनं भोकं पाडते, पोस्टाच्या तिकिटाच्या कडेला असतात तशी. वर दोरा कापडापेक्षा ताकदीचा. ओढ बसली की दोरा हटत नाही, कापड फाटतं. “जुन्या कापडाला दोरा असा हवा,” त्या म्हणाल्या, “की ताण आला तर दोरा तुटेल, कापड नाही. दोरा पुन्हा घालता येतो.”

मग मी त्यांच्याकडे खाली चटईवर बसून शिकलो. त्या शिकवणीतलं महत्त्वाचं तेवढं तुम्हाला देतो.

पहिलं, कापड उजेडासमोर धरा. जिथून उजेड जास्त येतो, तिथं ते विरलंय. दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताणून बघा. चरचर आवाज आला, तर ते कापड वर लावू नका, आतल्या थरात घाला. मजबूत कापड वर आणि खाली, थकलेलं मध्ये.

दुसरं, सगळे थर आधी धुऊन वाळवा. ओलं पांढरं फडकं रंगीत कापडावर घासा. रंग लागला तर ते कापड फिक्या कापडाशेजारी नको.

तिसरं, शक्य असेल तिथं कापू नका, उसवा. आणि लुगडं असेल तर कापायची मुळात गरजच नसते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या घाला. दोन मीटर लांबीची, एका माणसापुरती चार थरांची वाकळ तयार, एकदाही कात्री न लावता. काठ आपोआप कडेला येतात. आपल्या आज्या हे हिशोब न मांडता करत होत्या. मी पदवीधर माणूस, नकाशे वाचण्यात आयुष्य गेलं, आणि मला हे सुचलं नाही.

चौथं, थर जमिनीवर पसरून मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढा आणि मोठे कच्चे टाके घाला. मग सुती दोऱ्यानं साधा धावदोरा. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता होतो. पक्के टाके झाले की कच्चे काढून टाका.

हा धावदोरा देशभर सापडतो. बंगालात जुन्या साड्यांचे थर शिवून कांथा करतात, आणि पूर्वी शिवायचा दोराही जुन्या साडीच्या काठातूनच ओढून काढत. बिहारमध्ये मुझफ्फरपूरकडे सुजनी, कच्छ आणि राजस्थानात रल्ली, कर्नाटकात कौदी. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करून चारी बाजूंनी फिरत मध्यापर्यंत येतात, आणि शेवटी चारी कोपऱ्यांवर कापडी ‘फुलं’ लावतात. फुलांवाचून कवंदी पुरी होत नाही. तुम्ही ज्या राज्यात असाल, तिथं शेजारच्या म्हाताऱ्या बाईला विचारा. तिच्याकडे एखादा टाका नक्की असेल आणि तो शिकवायला तिला आनंद होईल.

आता मुलांच्या कपड्यांचं. शाळेत वेशभूषेचा कार्यक्रम आला की कॉलनीतल्या आया माझ्याकडे येतात. मावळ्याचा अंगरखा हवा, झाशीची राणी हवी. मी घरातली ओढणी, आजोबांचं धोतर, जुनी साडी मागून घेतो. मात्र आधी विचारतो, “हे परत हवंय का?” हवं असेल तर कात्री बंद. घड्या घालून, चुण्या घेऊन, लांब कच्च्या टाक्यांवर अंगरखा उभा करतो. कार्यक्रम संपला की दोरा ओढायचा, दहा मिनिटांत ओढणी पुन्हा ओढणी होते. कुणाला फौजी व्हायचं असेल, तर साधा हिरवा सदरा शिवतो. माझा गणवेश मी कापत नाही आणि मुलाच्या छातीवर खरी पदकंही लावत नाही. ती कमवावी लागतात.

ताईचं सांगायचं राहिलं.

मी साताऱ्याला गेलो. या वेळी आधी फोन केला. “ताई, ती फाटलेली वाकळ आणि उरलेली चार लुगडी घेऊन बसू. कुठलं वापरायचं ते तू सांग. एखादं वापरायचं नसेल तर तेही सांग.” दोन लुगडी तिनं उचलून आपल्या कपाटात ठेवली. अख्खी. त्यांना हात लावायचा नाही. तिसरं धाकट्या भावासाठी बाजूला काढलं. त्यालाही मी कधी विचारलं नव्हतं. चौथ्याच्या चार घड्या घातल्या आणि मी कापलेल्या इरकलीतले धड राहिलेले तुकडे त्यावर ठिगळांसारखे मांडले. कुठला तुकडा कुठं, ते ताईनं ठरवलं. पदर आणि अंगाचा तो तोडलेला जोड तिनं मधोमध समोरासमोर ठेवला. तो पुन्हा जुळणारा नव्हता. दोघांनाही ते माहीत होतं.

आठ दिवस ओसरीवर बसून शिवलं. एका टोकानं ती, दुसऱ्या टोकानं मी. तिचे टाके बारीक, माझे परेडसारखे एका मापाचे. मधे ती आईच्या गोष्टी सांगायची. त्यातल्या निम्म्या मला माहीत नव्हत्या, कारण त्या वर्षांत मी सीमेवर कुठंतरी होतो. तिचा टाका आणि माझा टाका मध्यावर भेटला, तेव्हा ती म्हणाली, “तुझा दोरा संपत आलाय बघ, माझ्यातला घे.”

वाकळ आता तिच्या पलंगावर असते. नीट बघितलं तर माझ्या कात्रीच्या खुणा दिसतात. त्या झाकायचं आम्ही ठरवलं नाही.

तुमच्याही घरात अशी एखादी ट्रंक असेल. ती जरूर उघडा. कपडे कुलुपात ठेवून कसर लागण्यापेक्षा अंगावर आलेले बरे. पण कात्री लावण्याआधी कापड उजेडासमोर धरा, आणि त्या कापडावर आणखी कुणाचा जीव आहे ते विचारा. ‘नंतर बघू’ असं उत्तर आलं, तर खरंच थांबा.

जय हिंद.