सातारचा कप्तान ग्रँट



ग्रँट डफ म्हटला की आपल्यापुढे उभा राहतो तो १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापणारा ग्रंथकार. त्या ग्रंथाची झडती नीलकंठराव कीर्तन्यांनी घेतलीच आहे. आज आम्ही ग्रंथ बाजूला ठेवतो आणि त्याच्या नोकरीकडे वळतो.

हा गृहस्थ स्कॉटलंडचा. मिसरूड फुटण्याच्या वयात कंपनीच्या मुंबईच्या फौजेत शिरला, काठेवाडात माळियाच्या हल्ल्यात लढला, फारशी शिकला आणि एल्फिन्स्टनच्या नजरेत भरला. (‘डफ’ हे शेपूट पुढे इस्टेटीबरोबर आले, सातारकरांच्या लेखी तो नुसता ग्रँटसाहेब.) १८१८ च्या फेब्रुवारीत अष्टीला बापू गोखले पडले आणि प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. एप्रिलमध्ये त्यांना गादीवर बसविले, आणि राज्य चालवायला बसला हा अठ्ठावीस वर्षांचा कप्तान!

नीरेपासून वारणेपर्यंतचा मुलूख त्याच्या हाती. महाराज कारभाराला लायक होईपर्यंत सत्ता त्याने वापरावी, असा हुकूम. पेशव्यांनी ज्यांना कारभाराची सावलीही पडू दिली नव्हती, त्या छत्रपतींना त्याने हिशेब, वसूल, न्यायनिवाडा शिकविला. महाराज उद्योगी निघाले. स्वतः रोजनिशी ठेवू लागले. १८२२ च्या एप्रिलात कारभार त्यांच्या स्वाधीन झाला. पुढल्याच वर्षी प्रकृती ढासळून ग्रँट मायदेशी गेला. त्याने महाराजांना फसविले, असे आम्ही म्हणणार नाही. त्याची माया खरी होती.

पण १८१९ चा तह पाहा. रेसिडेंटाच्या हातून गेल्याखेरीज महाराजांनी परक्या सत्तेशी, सरदार-जहागीरदारांशी कसलाही व्यवहार करू नये. केल्यास तहाचे सारे लाभ जातील, असे त्यातले कलम. शहाणा राजा घडवायचा आणि त्याने कोणाला पत्र लिहायचे नाही! मूर्ख राजाला हे कलम जाचले नसते. प्रतापसिंहांना जाचले. गोव्याच्या फिरंग्यांशी सूत जमविल्याचा आरोप त्यांच्यावर आला आणि १८३९ साली ह्याच तहाच्या आधारे त्यांना पदच्युत करून काशीला धाडले. रंगो बापूजींनी लंडनमध्ये वर्षानुवर्षे दाद मागितली; व्यर्थ. १८४७ त महाराज काशीस वारले, १८४८ त गादीच खालसा झाली.

ग्रँट डफ तेव्हा हयात होता. तो वारला १८५८ साली.