शूर्पणखेची पूर्वकथा

गोदावरीच्या डाव्या कांठावरील पंचवटींत यात्रेकरू येतो, तेव्हां त्याची वाट बहुधा ठरलेली असते. रामकुंडावर स्नान, काळ्या रामाचें दर्शन, सीतागुंफेंत वांकून प्रवेश, आणि मग कपिलासंगमाच्या बाजूस तपोवन. तेथें एक जागा दाखवून सांगतात कीं, लक्ष्मणानें शूर्पणखेचें नाक कापलें तें येथें. नाशिक या नांवाची उपपत्ति कोणी नऊ शिखरांवरून लावतात. परंतु लोकांच्या तोंडीं बसलेली उपपत्ति नासिकेचीच आहे. एका मोठ्या नगराचें नांव एका स्त्रीच्या जखमेशीं जोडलें जावें, आणि ती स्त्री त्या दिवशीं अरण्यांत एकटी कां हिंडत होती, एवढें मात्र तेथें सहसा कोणी विचारूं नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

हा प्रश्न आपल्या काळांत एका निराळ्या वाङ्मयप्रकारानें पुन्हा पुढें आणला आहे. चित्रांच्या चौकटी एकीपुढें एक मांडून सबंध कथानक सांगणारी जी चित्रकादंबरी, तिचा एक आवडता विषय म्हणजे खलपुरुषाची जन्मकथा. वीराचें चरित्र सर्वांस ठाऊक असतें. त्याचा वैरी वैरी कसा झाला, हें जाणण्याची जिज्ञासा मागून जागी होते. अमेरिकेंतील ‘बॅटमन’ या चित्रमालेंतील जोकर हें याचें प्रसिद्ध उदाहरण होय. १९४० सालीं तो वाचकांपुढें प्रथम आला तो पांढराफटक चेहरा, हिरवे केस आणि ओठांवर न मावळणारें हसूं घेऊन. पूर्वायुष्य त्याला नव्हतेंच. १९५१ सालीं एका कथेंत सांगितलें गेलें कीं, तो पूर्वीं तांबडा बुरखा घालणारा चोर होता आणि पळतांना रासायनिक द्रव्याच्या पाण्यांत पडल्यामुळें त्याचें रूप असें झालें. पुढें १९८८ सालीं ॲलन मूर या लेखकानें व ब्रायन बोलँड या चित्रकारानें ‘द किलिंग जोक’ हें पुस्तक काढलें. त्यांत तोच मनुष्य लोकांना हसविण्याच्या धंद्यांत अपयशी ठरलेला एक गरीब संसारी गृहस्थ आहे. पोटासाठीं तो एका चोरींत सामील होतो, त्याच दिवशीं त्याची गरोदर बायको अपघातांत मरते, आणि रात्रीं तो त्या विषारी पाण्यांतून बाहेर पडतो तो वेडा होऊन. गंमत अशी कीं, ही हकीकत खरीच आहे असें तो स्वतःही छातीवर हात ठेवून सांगत नाहीं. आपला भूतकाळ कधीं असा आठवतो, कधीं तसा, असें त्याचें म्हणणें आहे.

चित्र दाखवीत कथा सांगण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाहीं. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत चित्रकथकाचा उल्लेख आहे. नाशिकहून गोदावरी ज्या पैठणास जाते, त्या पैठणच्या नांवानें ओळखलीं जाणारीं पुराणकथांचीं चित्रें पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयांत पाहावयास मिळतात. कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं ठाकर समाजांतील चित्रकथींनीं ही विद्या पिढ्यान् पिढ्या सांभाळली. त्यांच्यापैकीं परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. चित्रांची पोथी उभी धरावयाची, वाद्यांच्या साथीवर प्रसंग गावयाचा, आणि प्रसंग संपला कीं पान बदलावयाचें, असा त्यांचा क्रम. पुढें १९६७ सालीं अनंत पै यांनीं मुंबईंत ‘अमर चित्रकथा’ सुरू केली व पुराणें मुलांच्या हातीं चौकटींतून आलीं. मात्र असुर म्हटला कीं धिप्पाड देह आणि काळा वर्ण ही त्यांतील ठराविक खूण होऊन बसली, असा आक्षेप अभ्यासकांनीं त्यांवर घेतला. २०११ सालीं चेन्नईच्या एका प्रकाशनसंस्थेनें संहिता अर्णी यांचें लेखन आणि बंगालच्या पटचित्रकार मोयना चित्रकार यांचीं चित्रें एकत्र करून सीतेच्या तोंडून सांगितलेलें रामायण प्रसिद्ध केलें. रावणावरही स्वतंत्र चित्रकादंबरी निघाली आहे. शूर्पणखेची पाळी यावयाची, तर चित्रकारानें आधीं जुन्या ग्रंथांत काय सांपडतें तें पाहिलें पाहिजे. आणि तेथें बरेंच सांपडतें.

वाल्मीकीच्या अरण्यकांडांत तिला भूतकाळ जवळजवळ नाहींच. कोणी एक राक्षसी यदृच्छेनें, सहज, तेथें आली, एवढेंच कवि सांगतो. मग तो रामाचा एकेक गुण आणि तिचा एकेक अवगुण समोरासमोर ठेवतो: तो सुमुख, ती दुर्मुख, तो तरुण, ती जरठ, तो मधुरभाषी, ती कर्कश. कंबाच्या तामिळ रामायणांत आणि तुलसीदासाच्या काव्यांत ती सुंदर रूप घेऊन येते; वाल्मीकि तिला तीही सवलत देत नाहीं. ती आपली ओळख देतांना भावांचीं नांवें सांगते, पतीचें नांव घेत नाहीं. ती रामाला मागणी घालते. राम थट्टेनें तिला लक्ष्मणाकडे पाठवितो, लक्ष्मण थट्टेनेंच परत रामाकडे. थट्टा तिला कळत नाहीं. ती सीतेवर धांवून जाते, तेव्हां अशांशीं थट्टा करूं नये असें राम म्हणतो, आणि लक्ष्मण तिचे नाक-कान कापतो. चार ओळींत विनोदाचें रक्त होतें.

परंतु उत्तरकांड उघडलें कीं दुसरेंच चित्र दिसतें. हें कांड मागाहून जोडलें गेलें असें बहुतेक संशोधक मानतात. म्हणजेच पुढच्या कोणत्या तरी पिढीला या खलांची जन्मकथा सांगण्याची गरज वाटली. विश्रवा ऋषीकडे कैकसी भलत्या वेळीं, दारुण संध्यासमयीं आली, म्हणून तिचीं मुलें क्रूर निपजलीं. त्यांत रावण व कुंभकर्ण यांच्या पाठची शूर्पणखा, आणि सर्वांत धाकटा बिभीषण. रावणानें बहिणीचें लग्न विद्युज्जिह्व नांवाच्या कालकेय दानवाशीं लावून दिलें. पुढें दिग्विजयास निघालेल्या त्याच रावणानें अश्मनगरावर हल्ला केला आणि त्या कत्तलींत विद्युज्जिह्व ठार झाला. लंकेंत परत आल्यावर बहीण त्याच्या पायांशीं कोसळली. युद्धांतही मेहुण्याचें रक्षण करावयाचें असतें, तूं स्वतःच्या हातानें मला विधवा केलेंस, असा तिनें आक्रोश केला. रावणानें उत्तर दिलें तें असें: लढाईच्या धुंदींत आपला कोण आणि परका कोण हें कळलेंच नाहीं. मग त्यानें तिची समजूत काढली आणि मावसभाऊ खर याच्याबरोबर, चौदा हजार राक्षसांसह, तिला दंडकारण्यांत राहावयास पाठविलें.

म्हणजे अरण्यकांडांत जी यदृच्छेनें आली, ती उत्तरकांडांत भावानें दूर पाठविलेली विधवा आहे. तिच्या सांत्वनासाठीं दिलेले तेच चौदा हजार पुढें तिच्याच अपमानाचा सूड घ्यावयास निघतात आणि रामाच्या बाणांनीं पडतात.

जैन परंपरेनें तिला आणखी एक पूर्वकथा दिली. विमलसूरीनें महाराष्ट्री प्राकृतांत रचलेल्या ‘पउमचरिय’ काव्यांत तिचें नांव चंद्रनखा. तिचा पुत्र शंबूक वेळूच्या बेटांत दिव्य खड्गासाठीं तप करीत असतो. लक्ष्मणाच्या हातीं तें खड्ग पडतें. त्याची धार पाहावी म्हणून तो वेळूवर वार करतो, आणि आंत बसलेल्या मुलाचें मस्तक तुटून पडतें. आई मुलाला शोधीत येते, ती या भावांना पाहून मोहित होते. आणि झिडकारली गेल्यावर स्वतःच आपलें अंग ओरबाडून पतीकडे खोटी फिर्याद नेते. येथें नाक कापलेंच जात नाहीं. महाराष्ट्री भाषेंतील या रामकथेंत नाशिकच्या नांवाला आधारच उरत नाहीं!

एकीकडे मारला गेलेला पति, दुसरीकडे मारला गेलेला पुत्र. जोकराप्रमाणें शूर्पणखेलाही एकाहून अधिक भूतकाळ आहेत. आणि ते सर्व एकाच बाजूस बोट दाखवितात, कीं तिच्या क्रोधाला आधींचें दुःख होतें. आतां प्रश्न असा कीं, हें कळल्यानें काय होतें? दुःख सांगितलें म्हणजे दोष धुतला गेला, असें कित्येक वाचकांस वाटतें, आणि पूर्वकथेचा खरा धोका तोच आहे. तिच्या पतीला रावणानें मारलें. सीतेनें तिचें कांहींच वांकडें केलें नव्हतें. तरी ती धांवून गेली ती सीतेवर. मोयना चित्रकारांच्या चित्रांत सीतेला स्वतःचा शब्द मिळाला, याचें मोल येथें कळतें. ‘द किलिंग जोक’मध्यें जोकर पोलीस कमिशनर गॉर्डन यांच्या मुलीला गोळी घालून जन्माची पंगु करतो, त्याच्या दुःखाला पानेंच्या पानें मिळालीं, तिच्या दुःखाला थोड्याच चौकटी, ही टीका त्या पुस्तकावर आजवर होत आली आहे व ती रास्त आहे.

तथापि त्याच पुस्तकांत एक उत्तरही आहे. एक वाईट दिवस कोणालाही वेडा करूं शकतो, हें सिद्ध करण्यासाठीं जोकर गॉर्डन यांचा अमानुष छळ करतो. पण ते मोडत नाहींत, आणि कायद्यानेंच त्याला पकडा असें बॅटमनला सांगतात. उत्तरकांडानेंही हेंच आपल्या रीतीनें सांगून ठेवलें आहे. शूर्पणखा आणि बिभीषण यांची आई एक, घर एक, भाऊ एक. वाट मात्र एक नाहीं. पूर्वकथा मनुष्याची वाट कोठून निघाली तें दाखविते; ती तेथेंच पोंचली पाहिजे होती, असें ती सिद्ध करीत नाहीं. मात्र ती दुसरें एक काम करते: दोषाच्या वाटेकऱ्यांना उजेडांत आणते. लढाईच्या धुंदींत कळलें नाहीं म्हणणाऱ्या भावाला कोणी नगराचें नांव देऊन लक्षांत ठेवलें नाहीं.

राहतां राहिली चित्राची गोष्ट. शब्दांत लपविलेलें चित्रांत लपत नाहीं; खलाला चेहरा द्यावाच लागतो. जोकराचा चेहरा विद्रूप, शूर्पणखेचाही विद्रूप. आणि पाहणाऱ्याच्या मनांत, विशेषतः मुलांच्या मनांत, विद्रूप तो दुष्ट असें समीकरण नकळत बसतें. मराठींत तर नाक म्हणजेच अब्रू. नाक कापलें जाणें म्हणजे तोंड दाखविण्याची सोय न उरणें. पण नाक कापण्याची शिक्षा केवळ काव्यांतली नव्हती. १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकांत कावसजी नांवाच्या माणसाची हकीकत सचित्र छापून आली. तो इंग्रज फौजेकडे बैल हांकणारा मराठा. टिपूच्या कैदेंत त्याचें नाक व एक हात कापला गेला होता. पुण्याकडच्या एका देशी शस्त्रवैद्यानें त्याच्या कपाळाच्या कातड्यापासून त्याला नवें नाक करून दिलें. तीच पद्धति पुढें १८१४ सालीं लंडनमध्यें जोसेफ कार्पू या शस्त्रवैद्यानें वापरली. कावसजी खल नव्हता. तो केवळ हरलेल्या बाजूच्या हातीं नव्हे, तर पकडणाऱ्याच्या हातीं सांपडला होता. जखम ही जखम करणाऱ्याच्या बळाची खूण आहे. जखमी माणसाच्या स्वभावाची नव्हे.

म्हणून शूर्पणखेची चित्रकादंबरी कोणी नाशिकांत बसून काढील, तर तिनें तपोवनांतला तो प्रसंग गाळूं नये, आणि सीतेवर धांवून जाणारा तो हातही गाळूं नये. फक्त पोथींत त्या पानाच्या आधीं आणखी एक पान घालावें. त्यांत लंकेच्या राजवाड्याची पायरी असावी, वर विजयाची वाद्यें वाजत असावींत, आणि खालीं एक स्त्री भावाचे पाय धरून बसलेली असावी. तिचें नाक अजून शाबूत आहे, आणि कपाळावरचें कुंकू मात्र नुकतेंच पुसलें गेलें आहे.