सुग्गियाबाईंचा चेलो



चेलो म्हणजे व्हायोलिनचेच मोठे, खर्जातले भावंड. खुर्चीवर बसून ते गुडघ्यांत धरावे लागते. म्हणून युरोपात एके काळी स्त्रियांनी ते वाजविणे अशिष्ट मानीत. काही बिचाऱ्या दोन्ही पाय एका बाजूला घेऊन वाजवीत! पोर्तुगालच्या पोर्तो शहरी १८८५ साली जन्मलेल्या गिल्येर्मिना सुग्गिया यांनी हे जुमानले नाही. पहिले धडे वडिलांचे. लहान वयातच त्या चार वाद्यांच्या मेळात वाजवू लागल्या. पुढे राजघराण्याच्या मदतीने लाइपझिगला क्लेंगेल यांच्याकडे शिकल्या. वादनावरच चरितार्थ केला, लंडन गाजविले. १९५० साली वारताना आपला स्ट्रॅडिव्हेरियस चेलो त्यांनी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकला दिला. तो विकून होतकरू चेलोवादकांना साहाय्य करावे म्हणून. आपण फार तर पाटल्या-बांगड्या वाटतो! १९५६ साली ते साहाय्य मिळाले अकरा वर्षांच्या जॅकलिन द्यु प्रेला.